सटवाईचा लेख आणि सेविकेची वही

मंडळी, आपल्याकडे घरात मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा मांडतात. पाटा-वरवंटा पुजतात, दिवा रात्रभर जागता ठेवतात आणि कित्येक घरांत पूजेशेजारी कोरा कागद व लेखणीही ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत. बारसे त्यानंतर, बाराव्या दिवशी. या चालीरीतींकडे नीट पाहिले तर त्यांच्या पोटात दडलेली एक भीती दिसते. पहिले दहा-बारा दिवस पार पडले म्हणजे मूल पदरात पडले, तोवर काही खरे नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांना अनुभवाने ठाऊक होते. मूल गेले की म्हणायचे, “त्याचं तेवढंच आयुष्य लिहिलं होतं.” मग आई डोळे पुसून कामाला लागायची.

आज आपल्याला बोलायचे आहे ते हा लेख मुकाट्याने न स्वीकारणाऱ्या माणसांविषयी. मुलांच्या आरोग्याची सेवा हे आयुष्यभराचे काम म्हणून कोणी, कसे आणि कुठून सुरू केले? हे काम उचलावे असे ज्या मुला-मुलींना वाटते त्यांना या इतिहासातून काय घेता येईल? खेड्यातल्या आईबापांना आणि विशेषतः शाळेतल्या गुरुजींना व बाईंना या प्रश्नाचा विचार करावासा वाटेल, असा भरवसा आहे.

मुलांच्या औषधोपचाराचा वेगळा विचार आपल्या देशाला नवा नाही. आयुर्वेदाची आठ अंगे सांगितली आहेत, त्यांतले एक अंग म्हणजे कौमारभृत्य, म्हणजे बालकांचे पोषण आणि चिकित्सा. काश्यपसंहिता हा ग्रंथ मुख्यतः याच विषयाला वाहिलेला आहे. पण ग्रंथ राहिले पोथीत, आणि बाळंतिणीची खोली राहिली अंधारात. तिथे सुईण होती, आजी होती, बाळगुटी होती. त्यांत मायेचा स्पर्श होता, मालिश होते, ऊब होती, हे मान्यच केले पाहिजे. पण पहिला चीक काढून टाकणे, पोट फुगले की डागण्या देणे, नाळ मिळेल त्या हत्याराने कापणे, हेही होते. यात कित्येक बाळे गेली आणि त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

असेच एक बाळ १८७९ च्या सुमारास गेले. त्याची आई जेमतेम चौदा वर्षांची होती. मूळची कल्याणची यमुना, लग्नानंतरची आनंदीबाई गोपाळराव जोशी. तिचा मुलगा अवघे दहा दिवस जगला. योग्य वेळी योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही टोचणी त्या कोवळ्या आईच्या मनाला लागली. डॉक्टर होण्याचा तिचा निश्चय या दुःखातून झाला, असे तिचे चरित्र सांगते. १८८३ साली ती कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाली. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात शिकली आणि १८८६ साली एम. डी. झाली. तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूकही ठरली होती. पण क्षयाने तिला गाठले आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यास तिचे निधन झाले. एकाही रोग्याला तपासण्याची सवड नियतीने तिला आपल्या मायदेशी दिली नाही. तरीही ही सुरुवात वाया गेली असे कोण म्हणेल? दहा दिवसांच्या बाळाच्या मृत्यूचे कारण शोधायचे असते आणि ते शोधायला एखादी बाई सातासमुद्रांपलीकडे जाऊ शकते, ही गोष्ट तिने दाखवून दिली.

तुम्हांला वाटेल, ही अवस्था आपल्याच देशात होती. तसे नाही. लंडन हे तेव्हा जगातले सर्वांत श्रीमंत शहर. १८४० च्या दशकात तिथे वर्षाला सुमारे पन्नास हजार माणसे मरत, आणि त्यांतली एकवीस हजारांच्या आसपास दहा वर्षांखालची मुले असत. पण १८४३ साली शहरातल्या साऱ्या रुग्णालयांची पाहणी झाली तेव्हा तिथल्या दोन हजारांवर रोग्यांत दहा वर्षांखालची मुले निघाली किती? अवघी सव्वीस! मुलांमुळे साथ पसरेल, मुलांची शुश्रूषा फार, आणि मूल आईजवळच बरे, अशा समजुतींमुळे रुग्णालये त्यांना घेतच नसत.

चार्ल्स वेस्ट नावाच्या एका डॉक्टरला ही गोष्ट बोचली. तो जर्मनीत आणि पॅरिसमध्ये शिकला होता. पॅरिसमध्ये १८०२ पासून केवळ मुलांसाठी रुग्णालय चालू होते, ते त्याने पाहिले होते. लंडनला परतल्यावर त्याने गरिबांच्या एका दवाखान्यात काम धरले. तिथे येणाऱ्या मुलांचे आजार तो बारकाईने पाही आणि लिहून ठेवी. १८४८ मध्ये मुलांच्या आजारांवरची त्याची व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली आणि १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात मुलांचे रुग्णालय सुरू झाले. खाटा किती होत्या म्हणाल, तर दहा. आज जगभर नाव असलेल्या त्या संस्थेचा प्रारंभ इतका लहान होता. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८५४ साली वेस्टने आजारी मुलांची शुश्रूषा कशी करावी यावर एक छोटे पुस्तक लिहिले, आणि ते लिहिले परिचारिकांसाठी. मुलाला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याचे रडणे, त्याची झोप, त्याचा श्वास, यांवरून ते ओळखावे लागते. दिवसरात्र त्याच्याजवळ असणाऱ्या बाईला हे ओळखता आले नाही, तर डॉक्टरची विद्या अपुरी पडते, हे त्याला उमगले होते.

आपल्याकडे मुंबईत परळला १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उघडले. डॉ. जॉर्ज कोएल्हो यांच्यासारख्या डॉक्टरांनी ‘आम्ही मुलांचेच डॉक्टर’ असे म्हणून आयुष्य त्यात घातले. पुढे वैद्यकीय महाविद्यालयांत बालरोगशास्त्राचे स्वतंत्र विभाग झाले आणि तज्ज्ञ तयार होऊ लागले. ही मोठीच प्रगती होती. पण मंडळी, एक प्रश्न उरला, आणि तो तुमचा-आमचा होता. रुग्णालय परळला; आणि बाळ आजारी पडते ते नदीपलीकडच्या पाड्यावर, पावसाळ्यात, मध्यरात्री. त्याचे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर १९७० साली जामखेडला शोधले जाऊ लागले. जामखेड म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी वेल्लोरला शिकले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले आणि मोठ्या शहरात न थांबता जामखेडला येऊन बसले. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या. पण ते काही जमेना. परक्या मुलीला गावात एकटे राहणे अवघड, आणि गावच्या बायांना तिचे ऐकणे अवघड. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, तिने जामखेडला येऊन शिकावे आणि गावी परत जाऊन काम करावे, अशी रीत पडली. या बायांतल्या कित्येक निरक्षर होत्या, पुष्कळशा दलित समाजातल्या होत्या. त्यांनी शिकायचे काय? पाणी कसे शुद्ध ठेवायचे, जुलाब लागलेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, सहा महिन्यांनंतर वरचे अन्न कसे सुरू करायचे, लस कधी टोचायची, गरोदर बाईची काळजी कशी घ्यायची. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे १९७१ साली त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराहून मोठी गोष्ट ही, की ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच हाती गावाने आपली बाळे दिली.

तरी जन्मल्यापासूनचे पहिले अठ्ठावीस दिवस हा फार कठीण घाट होता. एवढे कोवळे बाळ आजारी पडले, तर त्याला रुग्णालयातच वाचवता येते, अशी डॉक्टर मंडळींची पक्की समजूत होती. ती पारखून पाहिली गेली गडचिरोलीत. तिथे १९८० नंतरच्या दशकात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापून काम सुरू केले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती मोजण्याची. गावागावांत किती मुले जन्मली, किती गेली, कोणत्या वयाला गेली आणि कशाने गेली, याच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून दिसले, की मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा फार मोठा आहे.

आता न्यूमोनिया ओळखायचा कसा? खेड्यात म्हणतात, “बाळाचं पोट उडतंय”, “धाप लागलीय.” ही पारख बरोबरच आहे, फक्त तिला मापाची जोड हवी. बाळ शांत असताना पुरा एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० वा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक भरले, तर तो धोक्याचा इशारा समजायचा. पण जी दाई दहा-बाराच्या पुढे मोजू शकत नाही तिने काय करावे? तिच्यासाठी एक साधे यंत्र बनवले. मिनिटभराची वाळूची घटिका, आणि तिच्याजवळ सरकते मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. घटिका रिकामी होण्याआधी ठरलेला मणी सरकला, की समजायचे, बाळाला न्यूमोनिया आहे. अक्षरशत्रू समजल्या जाणाऱ्या बायांनी या यंत्राने अचूक निदान केले, ठरलेले औषध दिले आणि मुलांचे मृत्यू घटले. हा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मग पाळी आली नवजात बाळांची. १९९३ पासून ३९ गावांत हे काम हाती घेतले आणि ताडून पाहण्यासाठी वेगळी ४७ गावे नोंदीखाली ठेवली. पाहणीत आढळले, की शंभरांतल्या निम्म्याहून अधिक नवजात बाळांना पहिल्या महिन्यात औषधोपचाराची गरज पडते, पण डॉक्टरी मदत शंभरांत तिघांनाही मिळत नाही. तेव्हा गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया निवडून त्यांना शिकवले. त्यांना नाव दिले ‘आरोग्यदूत’. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचे, बाळ रडले नाही तर श्वास सुरू करून द्यायचा, बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, बाळाला गुंडाळून उबेत ठेवायचे, आईला अंगावर पाजायला मदत करायची आणि महिनाभर घरी जाऊन पाहत राहायचे. रक्तात जंतू पसरल्याची ठरावीक लक्षणे दिसली, तर आईबापांच्या संमतीने तोंडाने द्यायचे औषध आणि इंजेक्शन द्यायचे.

“दहावीसुद्धा न झालेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार?” अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली. ती शंका गैर नव्हती. अशा कामात चूक झाली तर जीव जातो. म्हणून लक्षणे मोजकी व ठरलेली ठेवली होती, वारंवार उजळणी होती आणि प्रत्येक नोंद वरचे लोक तपासत होते. फळ काय मिळाले? कामाआधी त्या गावांत हजारांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या जवळ आला. ताडून पाहण्यासाठी ठेवलेल्या गावांत मात्र तो साठाच्या आसपासच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली.

आपल्या देशात २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव ‘आशा’ नेमल्या गेल्या. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. गंमत पहा, आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात, जवळजवळ तेवढेच हे दिवस. पाचवी-सटीच्या रात्री जिथे दिवा लावून सटवाईची वाट पाहत, तिथे आता एक बाई वजनकाटा आणि वही घेऊन येते. बाळाचे वजन इतके, ताप इतका, श्वास इतके, असे ती लिहिते. तिचे लिहिणे रोजच्या रोज वाचता येते आणि वेळीच धावपळ केली तर पुढचा मजकूर बदलता येतो.

एक सल मात्र बोलून दाखवायलाच हवी. आशांची योजना झाली तेव्हा या बाईला स्वयंसेविका म्हटले गेले. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला ठरला. रात्री-अपरात्री बोलावणे आले तर जायचे, बाळ वाचले तर ‘देवाची कृपा’, आणि दगावले तर ‘हिनंच काही केलं नाही’. गावाने तिला निदान मान तरी द्यावा. तिची भेट टाळू नये, तिने सांगितलेले मुकाट्याने न उडवता ऐकावे. तिने दवाखान्यात न्या म्हटले तर, “उद्या बघू” म्हणू नये. तान्ह्या बाळाला उद्या नसतो.

आता ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्याविषयी. गुरुजी, बाई, तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी असतेच, जी धाकट्या भावंडाला काखेत घेऊन शाळेत येते, आणि ते का रडते हे बरोबर ओळखते. तिला सांगा, की या गुणाला जगात काम आहे. बारावीनंतर सहायक परिचारिका व प्रसाविका, म्हणजे ए. एन. एम. चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा, आणि विज्ञान घेतलेल्यांना बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा आहे. डॉक्टर व्हायचे तर प्रवेशपरीक्षा, एम. बी. बी. एस., वर्षभराची आंतरवासिता आणि त्यापुढे बालरोगशास्त्राची तीन वर्षे, अशी लांबची चाल आहे. मुलगेही परिचर्येकडे वळू शकतात. शुश्रूषा हे केवळ बाईचे काम, ही समजूत सोडायला हरकत नाही. आणि जिला गाव सोडता येत नाही, तिने अंगणवाडीत किंवा आशा म्हणून केलेले काम यापेक्षा हलके मानू नये. वरच्या इतिहासात हजारांमागचा आकडा खाली आणला तो अशाच बायांनी.

सुरुवात कशाने करावी? पदवी पुढे मिळेल, पण चार सवयी आजच लावून घेता येतात. पहिली, मूल हातात घेण्याआधी साबणाने हात धुण्याची. दुसरी, शांत बसून मुलाकडे पाहण्याची: ते दूध ओढते का, अंग थंड की गरम, श्वास कसा चालतो, हालचाल मंदावली का. तिसरी, पाहिलेले लिहून ठेवण्याची, तारखेसह. चौथी, आपल्या आवाक्याबाहेरचे ओळखून वेळेवर पुढे पाठवण्याची. विज्ञानाच्या तासाला वाळूच्या घटिकेऐवजी घड्याळ घ्या आणि मुलांना एकमेकांचे श्वास मिनिटभर मोजायला लावा. खेळ म्हणून मोजतील. पण घरी गेल्यावर धाकट्या बहिणीचेही मोजतील. ते पूर्वी सांगितलेल्या आकड्यांपलीकडे गेले तर आईला सांगतील.

आनंदीबाईंचे बाळ दहा दिवस जगले. त्यानंतर आजपर्यंत असंख्य बाळे त्या दहा दिवसांचा घाट चढून पलीकडे गेली आहेत, शाळेत बसली आहेत, आता तुमच्यासमोर बाकावर आहेत. त्यांच्यातूनच कुणीतरी उद्या दुसऱ्याच्या बाळाच्या उशाशी बसणार आहे. सटवाईची पूजा तुम्ही खुशाल करा. दिवाही लावा. मात्र त्या दिव्याच्या उजेडात बाळाचे अंग गरम आहे की थंड, हे एकदा हात लावून जरूर पहा.